कावेरीनं राखी बांधली नाही

अन्याय झाला तो कावेरीवर. कधी झाला तेही नेमकं सांगते, कारण लोक चुकीची वेळ सांगतात. ती बारावीला होती. राखीपौर्णिमेचा आदला दिवस. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि हेडसरांच्या ऑफिसचं दार आतून लोटलं गेलं, तेव्हा झाला. पुढे तिचं लग्न झालं तेव्हा झाला असं म्हणणारे चुकतात. लग्नात गाव जेवलं, मठ्ठ्याचं कौतुक करत घरी गेलं. तोवर सगळं उरकलं होतं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात. नाव देत नाही. नाव दिलं की लोक गावाच्या इज्जतीवर भांडत बसतात आणि मुलगी बाजूला राहते. मी आमच्या मुलींच्या गटाची पत्रकं लिहिते, मला हे माहीत आहे. पत्रकात कावेरीसारखीला 'पीडिता' लिहावं लागतं. तिला कुणी तोंडावर पीडिता म्हटलं असतं तर तिनं आधी अर्थ विचारला असता आणि मग पायातली चप्पल काढली असती. म्हणून हे पत्रक नाही. ती कशी होती एवढंच लिहिते.

तिचा आवाज. सुरुवात तिथूनच करायला पाहिजे. तिचे वडील भास्करमामा काळी-पिवळी जीप चालवायचे, गाव ते भोकरदन. ही दुसरी-तिसरीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसायची आणि डोकं बाहेर काढून प्रवासी बोलवायची. "भोकरदन, भोकरदन, भोकरदन! ओ मामा, येता का नुसतं बघून राह्यले?" जीपमध्ये माणसं कशी कोंबायची हे तिला वडिलांपेक्षा चांगलं यायचं. "आजी, जरा तिरपं व्हा. अजून तिरपं. आता श्वास घेऊ नका." लोक हसत हसत तिरपे व्हायचे. त्यामुळे झालं असं की तिला हळू बोलताच येईना. वर्गात ती धडा वाचायला लागली की शेजारच्या वर्गातले सर आपलं शिकवणं थांबवायचे. तिच्या कानात गुपित सांगितलं तर ती "काय सांगती!" असं म्हणायची आणि ते गुपित पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायचं.

दुसरी खोड म्हणजे "बराबर का न्हाई?" हे ती वाक्याच्या शेवटी म्हणायची. इतर लोकही म्हणतात, पण ते सवयीनं. ही उत्तराची वाट बघायची. तुम्ही हो किंवा नाही म्हणेपर्यंत पुढचं वाक्य नाही. एकदा इतिहासाच्या सरांनाच म्हणाली, "सर, ह्यो राजा लढाई हरला तरी पुस्तकात त्याचाच फोटो मोठा हाये. बराबर का न्हाई?" सर म्हणाले, बस खाली. ती म्हणाली, "बसते, पण हो का न्हाई?"

तिला पोलिसात जायचं होतं. कारण मोठं गमतीचं. भोकरदनच्या बाजारात एकदा एका लेडीज कॉन्स्टेबलनं भास्करमामांची जीप थांबवली. भास्करमामा कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस. तो खाली उतरला आणि "ताई, ताई" करायला लागला. कावेरी मला सांगायची, "बाबा सख्ख्या बहिणीला बी नावानं हाक मारतेत गं. त्या बाईला ताई म्हणले. मी तिचे बूट बघितले. मला तसले बूट पाह्यजेत."

मग आमचं पळणं सुरू झालं. धावड्याच्या रस्त्यानं, उजाडायच्या आधी. मी तिच्या मागे, कायम मागे. मला ती म्हैस म्हणायची. "म्हशी, पाय उचल, रस्ता झाडू नको." कापूस वेचायला निघालेल्या बाया विचारायच्या, काय गं पोरींनो, मागं कुत्रं लागलं का? ही पळता पळताच ओरडायची, "न्हाई मावशी, आम्हीच भरतीच्या मागं लागलोत!" ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी परीक्षेला, मुलींना गोळाही फेकावा लागतो. गोळा कुठून आणायचा? तिनं नदीतून एक गोल दगड आणला आणि वजन बराबर आहे का बघायला आठवडी बाजारात भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला. भाजीवाला म्हणाला, "हे काय गं, दगड कधीपासून विकायला लागली?" ही म्हणाली, "काका, तुमची वांगी बी दगडच हायेत, ती विकतेतच ना?" दगड थोडा जास्त भरला. तिनं तोच ठेवला. म्हणाली, जड फेकला तर हलका आपसूक जाईल.

आता योगेश.

तो राक्षस असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो राक्षस नव्हता. त्याच्या वडिलांचं गावात खत-बियाण्याचं दुकान, ते शाळेच्या कमिटीवर. योगेश आमच्याच वर्गात, तीन वर्षं मागे राहून आलेला. दिसायला चांगला. कबड्डीत चांगला. चहा पाजायला कधी मागे नाही. त्याचं कुत्रं रस्त्यावर मेलं तेव्हा चौकात बसून रडला होता, मी पाहिलंय. आणि हाच मुलगा अकरावीपासून कावेरीच्या मागे लागला.

मागे लागला म्हणजे काय ते सांगते, कारण 'मागे लागला' हा शब्द फार गोड आहे. आम्ही पळायचो तेव्हा तो मोटरसायकल बंद पडायच्या बेतात हळू चालवत तिच्या कोपराला खेटून यायचा आणि हॉर्न दाबून धरायचा. तिची पाण्याची बाटली काढून घ्यायचा, स्वतः प्यायचा, उरलेलं ओतून द्यायचा. त्याचे मित्र तिला भर वर्गात "वहिनी" म्हणायचे. "वहिनी, गणित झालं का?" तिनं एकदा एकाच्या कानाखाली दिली. तो गाल चोळत म्हणाला, "वहिनीच्या हाताला चव हाये." सगळा वर्ग हसला. मुलीसुद्धा हसल्या.

मग खाजकुयरी. डोंगराकडच्या कुंपणांवर तिच्या शेंगा लागतात, अंगाला लागली की आग होते. एका सकाळी पळून झाल्यावर तोंड धुवायला ती हापशावर गेली. ओढणी काट्याला टांगलेली. योगेशनं जपून ठेवलेली वाळकी शेंग ओढणीत झटकली. तिनं त्याच ओढणीनं तोंड पुसलं, मान पुसली. त्यानंतरची कावेरी मला आठवायची नाहीये, पण लिहिते. ती रस्त्यावर बसली, मान आणि गाल ओरबाडत. दोन म्हाताऱ्यांनी तिला गोठ्यात नेलं, शेण चोपडलं. पापण्या सुजून डोळे मिटले होते. त्या मिटल्या डोळ्यांनी ती म्हणाली, "आज टायमिंग चांगलं आल्तं गं."

डोळे उघडल्यावर तिनं तक्रार केली. लेखी. हेडसरांकडे.

त्या दिवशी ऑफिसात हेडसर, क्लार्क, योगेश, त्याचे वडील आणि ही. मला व्हरांड्यात थांबवलं. पण दार लोटून काय होतं? आत कावेरी होती. सगळं ऐकू आलं.

आमच्याकडे अशा भानगडी मिटवायची एक रीत आहे. वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या शाळेतही ती असेल. मुलानं मुलीला त्रास दिला की मुलीच्या हातून त्याला राखी बांधून घ्यायची. तो भाऊ झाला, विषय संपला. शिक्षा नाही, पोलीस नाही. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमाच होती, मग तर सोयच. शिपायाला दुकानात पिटाळलं आणि त्यानं राखी आणली.

हेडसर म्हणाले, "बाळ, तंटा मिटवायचा असतो, वाढवायचा नसतो. बांध."

कावेरी म्हणाली, "सर, मला भाऊ हाये. वाळूजला कंपनीत हाये."

"अगं, अजून एक झाला तर बिघडलं काय?"

"मी तक्रार करून राह्यले सर. नातं मागून न्हाई राह्यले."

योगेशचे वडील म्हणाले, "पोरगं माफी मागतंय, राखीला हात पुढं करतंय. अजून काय पाह्यजे तुला?"

"ह्याचं नाव शाळेतून काढा. न्हाई तर पोलिसात कळवा. राखी म्या बांधणार न्हाई. बराबर का न्हाई, सर?"

आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. उत्तर क्लार्कनं दिलं. तो खुर्चीत मागे रेलला असावा, खुर्ची करकरली. म्हणाला, "भाऊ नको म्हणती... आलं आलं, ध्यानात आलं."

आणि ते हसले. हेडसरसुद्धा. दिलासा मिळाल्यासारखे हसले. मी सुरुवातीला सांगितला तो क्षण, लोटलेल्या दाराआडचा, हाच. संध्याकाळपर्यंत गावात एकच वाक्य फिरत होतं. पोरगी राखी बांधेना, म्हणजे पोरीच्या मनात हाये. जिच्या मनात काही नसतं ती पटकन बांधून मोकळी होते, असा त्यांचा हिशोब. मुलीला दोनच वाटा. भाऊ म्हण, नाही तर नवरा म्हण. 'हा माझा कोणीच नाही' असं म्हणायला तिसरी जागाच नाही.

गावानं ते खरं मानलं, ठीक आहे, गाव काहीही मानतं. योगेशनंसुद्धा खरं मानलं. आणि तो बदलला. अगदी त्या दिवसापासून. हॉर्न बंद, बाटली बंद. मित्रांना त्यानं दटावलं, "वहिनी आदबीनं म्हणायचं." दारू सोडल्यासारखं त्यानं छळणं सोडलं. तिच्या घराच्या रस्त्यावर हात बांधून उभा राहायचा, मान खाली घालून. लोक म्हणायचे, बघा, पोरीनं पोराला माणूस केलं.

कावेरी मला म्हणाली, "आधी निदान तो मला तरास देतो हे दिसत तरी होतं गं."

दोघांची जात एक. हे मोडता घालणारं काही नव्हतं, उलट तेच घात करणारं ठरलं. जात वेगळी असती तर गावानं कोयते काढले असते. एक होती म्हणून पत्रिका छापल्या. योगेशच्या वडिलांनी निरोप पाठवला, "पोरीचं नाव झालंय, पुढं कोण करून घेईल? आम्ही पदरात घेतो." भास्करमामांनी पहिल्यांदा निरोप्याला जीपच्या बाहेर काढलं. पण रोज जीप भरायची असते. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारायचं, "काय भास्करराव, जावई पक्का का?" आणि बाकीचे खिडकीबाहेर बघायचे. मामा टेपचा आवाज वाढवायचे. असा आवाज वाढवत माणूस किती दिवस जीप चालवेल?

एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर होते. मामा आले, टायरवर लाथ मारली, मग तिच्यासमोर उकिडवे बसले. "माय, खरं सांग. तुझ्या मनात काई हाये का? असलं तर असू दे. मी रागवणार न्हाई."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बी?"

एवढंच. त्या रात्री ती जेवली नाही, असं तिच्या आईनं सांगितलं. सकाळी पळायला आली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आली आणि म्हणाली, "ग्राउंड देऊ देणार असतील तर करते म्हणले लग्न. पोरगा हो म्हणलाय. पोलिसात गेल्यावर बघू त्याच्याकडं." आणि हसली. मी तिला चिमटा काढला, ती खरंच हसतेय का बघायला.

बारावीचे पेपर संपले आणि उन्हाळ्यात लग्न झालं. तिला अठरा पूर्ण होती, त्याला एकवीस. एवढा कायदा सगळ्यांना येतो.

त्यानंतरची गोष्ट मी सांगत नाही. ती योगेश सांगतो, आणि फार छान सांगतो. मी ती त्याच्या दुकानात ऐकली. लग्नाच्या पुढच्या वर्षीचे पेरणीचे दिवस, वडिलांनी मला सोयाबीनचं बी आणायला पाठवलेलं. दुकानात गर्दी आणि कुठल्याशा बियाणं कंपनीचा नवा माणूस आलेला. योगेश गल्ल्यावर, डबल चहा मागवलेला.

"साहेब, आमची तर फिल्लम हाये," तो म्हणाला. "मी लई वाया गेल्तो. हिला लई सतावलं. कॉलेजातली गंमत, तुम्हाला माहीत हाये. एकदा तर खाजकुयरीच टाकली ओढणीवर." दुकान हसलं. "मंग हिनं तक्रार केली. मला वाटलं संपलं. हेडसर म्हणले, बांध राखी. साहेब, खरं सांगतो, मी हात पुढं केल्ता. पण मनातून म्हणून राह्यलो, देवा, बांधू देऊ नको. आन् ती म्हणली, न्हाई बांधणार! भर ऑफिसात, माझ्या वडलांपुढं! अहो, माझ्या अंगावर काटा आल्ता. एवढी डेरिंग कोणती पोरगी करती? त्या दिवशी मी बदललो. बिलकुल बदललो."

कंपनीचा माणूस म्हणाला, नशीबवान आहात.

"हाये ना. आन् मी शब्द बी पाळला. तिला पळायचं होतं. आमची आई म्हणली, सून रस्त्यानं पळती का? मी आईशी भांडलो, साहेब. म्हणलं पळंल. पण आपली पोरं कशी हायेत, माहीत हाये. रस्त्यानं एकटी बाई दिसली की सुरू. म्हणून मी रोज गाडी काढायचो. हळूहळू तिच्या मागं. कुणी वाटेत आलं की हॉर्न. एक दिवस सुट्टी न्हाई केली मी. पण तिनंच सोडलं. पंधरा-वीस दिवस पळली असंल, मंग म्हणली, नको. जालन्याला ग्राउंडचं बोलावणं आल्तं. मी टाकी फुल करून दारात उभा. ती म्हणली, मला न्हाई यायचं. आता बायकांचं मन... पण मी कधी अडवलं न्हाई. इचारा तिला."

तो खोटं बोलत नव्हता. त्यातला शब्द न् शब्द घडलेला आहे. ती त्याच रस्त्यावर पळत होती, मागे तीच गाडी, तोच वेग, तोच हॉर्न, आणि यावेळी तक्रार करायलाही जागा नव्हती, कारण आता ते प्रेम होतं. दुकानातल्या दहा-बारा माणसांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगल्या गोष्टीनं येतं तसं. मी बी घेतलं आणि निघाले. ग्राउंडला मी एकटी जाऊन आले होते. माझं काय झालं तो विषय इथला नाही.

कावेरी मला शेवटची दिसली ती भोकरदनच्या स्टँडवर. मुलींच्या गाड्यांच्या वेळा आणि छेडछाड, यावर आम्ही पत्रकं वाटत होतो. योगेशच पुढे आला. "ताई, एक इकडं." मला आता तो ताई म्हणतो. त्यानं पत्रक उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाला, "एकदम खरं लिहिलं ताई. पोरींना सतावणाऱ्याला सोडायचंच न्हाई. मला अजून पन्नास द्या, दुकानात ठेवतो." मी दिली. काय करणार होते?

तेवढ्यात गाडी लागली. तो जागा धरायला धावला, खिडकीतून रुमाल टाकायला. ती आणि मी दोघीच राहिलो. अंगावर चांगली साडी, हातात पिशवी. तिला वाळूजला भावाकडे सोडायला निघाला होता. मी म्हटलं, "कावेरी, तो सगळ्यांना गोष्ट सांगत फिरतो. तू का नाही सांगत?"

ती म्हणाली, "कुणी इचारतं का?"

मग गाडीकडे बघत म्हणाली, "तो सांगतो तेव्हा मी बी ऐकते गं. चहा घेऊन येते तेव्हा. लई चांगली सांगतो. कधी कधी मलाच वाटतं, असंच झालं असंल. म्या त्याच्यासाठीच न्हाई म्हणले असंन." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "याचंच मला भ्याव वाटतं. बाकी तो मारत बिरत न्हाई."

आतून त्यानं हाक मारली, "चल जल्दी, खिडकीची जागा हाये." ती चढली. खिडकीत बसली. मी हात केला, तिनं केला नाही. माझ्याकडे बघत होती पण हात पिशवीवरच. ऊन होतं, गाडी निघायला वेळ होता. तिला घाम आला होता. योगेशनं माझ्या पत्रकाची मधून घडी घातली आणि तो त्या पत्रकानं तिला वारा घालायला लागला. अगदी मायेनं. गाडी हलली तरी घालत होता.

ती जिवंत आहे. वीस-एकवीसची आहे. म्हणून मेणबत्त्या लावू नका आणि मला हळहळ कळवू नका.

तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात, कदाचित तुमच्या घरात अशी एक गोष्ट आहे जी सतावणारा सांगतो आणि सगळे हसतात. तुम्हीही हसला आहात. जिची ती गोष्ट आहे ती चहा घेऊन येते आणि ऐकते. उठा. तिच्याकडे जा. तो तिथे नसताना जा. तिला विचारा, तू 'नाही' म्हणाली होतीस तेव्हा तुला काय म्हणायचं होतं? आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐका. तिला स्वतःलाच ते आठवेनासं होण्याच्या आत जा. आजच जा.